हिशेबात न धरलेले जीव

क्षमावाणीच्या दिवशी बस्तीतून घरी आलो, तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. गल्लीत सगळ्यांशी हात जोडून झाले होते. वर्षभर ज्यांच्याशी धड बोलणं नव्हतं, त्यांच्याशीही. भाची स्वयंपाकघरात पाणी गाळून घेत होती. फडकं पिळता पिळता ती म्हणाली, "आत्या, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"विचार की."

"मी वर्षभर जीव मारते आणि किती मेले ते मोजते. तेच माझं काम. आज सगळ्यांची क्षमा मागितली. त्यांचीही मागायची का?"

ही आमची दादाची मुलगी. बेंगळूरला एका प्रयोगशाळेत कर्करोगावर संशोधन करते. दशलक्षणाला दरवर्षी रजा काढून बेळगावला येते. शेजारच्या काकू तिथंच बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, चांगल्या कामासाठी करतेस. त्यात पाप कसलं?" पोरगी हसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. माझंही नाही. कारण हाच प्रश्न याच घरात चार वर्षांपूर्वी मी ऐकला होता, तिच्या आईच्या तोंडून.

वहिनींना अंडाशयाचा कर्करोग झाला होता. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन अशी दोन औषधं सलाईनमधून जायची. दिवसभर पडून राहायचं आणि थेंब मोजायचे. अशाच एका दिवशी त्या मला म्हणाल्या, "वन्सं, हे औषध अंगात जातंय, त्यानं किती जीव मरत असतील हो?" मी म्हटलं, "वहिनी, ते रोगाचे." त्या म्हणाल्या, "रोगाचे असले तरी माझ्याच अंगात वाढलेले ना? आणि केस गेले, तोंड आलं, ते कुठले रोगाचे होते?" खरं होतं ते. असली औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर धावतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या त्वचेत, हाडांतल्या मगजात अशा पेशी असतात. त्यांचा काही अपराध नसतो, पण त्याही मरतात. मला काही बोलणं सुचलं नाही. मी शहाळ्याचा ग्लास पुढं केला.

म्हणून या वेळी भाचीला उत्तर द्यायची घाई केली नाही. म्हटलं, "आधी तू नक्की काय करतेस ते मला नीट सांग. मग बघू."

तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी वाढवायची जुनी रीत म्हणजे सपाट ताटलीच्या तळावर त्यांचा पातळ थर वाढवायचा. पापड लाटल्यासारखा. त्यावर औषध घालायचं आणि बघायचं. पण अंगातली गाठ पापडासारखी नसते, लाडवासारखी असते. पापडावर तेल टाकलं तर सगळीकडे लागतं. लाडवाच्या आत पोचत नाही. म्हणून आता पेशींचे गोळे वाढवतात. ९६ खळग्यांची ताटली असते. खळग्यांचा तळ गोल आणि असा गुळगुळीत, की पेशींना चिकटायला जागा मिळत नाही. मग त्या एकमेकींनाच धरून बसतात आणि काही दिवसांत नुसत्या डोळ्याला ठिपक्याएवढा दिसेल असा गोळा तयार होतो.

त्यातलं मला सगळ्यांत लागलं ते हे. अंडाशयाच्या कर्करोगात पोटात पाणी होतं. त्या पाण्यात पेशींचे असेच लहान गोळे तरंगत असतात आणि पोटात इकडंतिकडं जाऊन चिकटतात. म्हणजे पोरगी ताटलीत जे वाढवते, तसलंच तिच्या आईच्या पोटात होतं. तिनं हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसलो.

आता मोजण्याचं. प्राणवायू पेशींच्या थरांतून मिलिमीटरच्या एकदशांश ते दोनदशांश भागाइतकाच आत झिरपतो. त्यामुळं गोळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढला की त्याचे तीन भाग होतात. बाहेरच्या पेशी खाऊनपिऊन वाढत असतात. मधल्या जिवंत असतात, पण वाढायच्या थांबलेल्या, झोपल्यासारख्या. अगदी आतल्या उपाशी मरून गेलेल्या असतात. कोणी औषध घातलेलं नसताना.

मेलेल्या पेशी ओळखायला एक लाल रंग वापरतात. जिवंत पेशीचं आवरण त्याला आत येऊ देत नाही. मेलेल्या पेशीचं आवरण फुटलेलं असतं, तिथं तो शिरतो. जिवंत पेशींसाठी वेगळा हिरवा रंग. ऐकायला सोपं आहे. पण गोळ्याच्या पोटापर्यंत रंग पोचायलाच वेळ लागतो, आणि सूक्ष्मदर्शकाचा प्रकाशही फार खोल जात नाही. वरवर बघून मोजलं तर आतल्या मेलेल्या सुटतात.

दुसरी एक रीत मला फार आवडली. जिवंत पेशीजवळ एटीपी नावाचं ऊर्जेचं द्रव्य असतं. पेशी फोडून त्यात काजव्यातलं एन्झाइम मिसळलं की उजेड पडतो. जितका उजेड, तितक्या जिवंत. पण तिथंही घोटाळे आहेत. गोळा नीट फुटला नाही तर आतल्या जिवंत पेशींचा उजेड बाहेर येत नाही आणि त्या मेल्या असं वाटतं. शिवाय उजेड कमी म्हणजे पेशी मेल्याच असंही नाही. वाढ थांबली असेल, नुसत्या मंदावल्या असतील. औषध थांबल्यावर त्या पुन्हा उठतात.

पहिल्या वर्षी तिची एक चूक झाली होती. एका औषधानं गोळ्यांचा मधला भाग लालभडक झाला. तिला वाटलं, केवढ्या पेशी मेल्या. आकडे काढले, तक्ता केला. मग शेजारच्या रांगेतले गोळे बघितले. ज्यांत औषध घातलंच नव्हतं, नुसतं पाणी घातलं होतं, ते. त्यांचाही मधला भाग तेवढाच लाल होता. त्या पेशी औषधानं मेल्या नव्हत्या, उपासमारीनं मेल्या होत्या. तिनं तो तक्ता रद्द केला आणि तीन महिन्यांचं काम पुन्हा केलं.

"आधीचा आकडा तसाच छापला असता, तर काय झालं असतं?" मी विचारलं.

"काही दिवस माझं कौतुक झालं असतं. मग ते औषध पुढं गेलं असतं. आधी उंदरांवर, नंतर कदाचित एखाद्या बाईवर. आणि ते उपयोगाचं नसतं."

माणसांवर चाचणी सुरू झालेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ शेवटपर्यंत पोचत नाहीत. त्या प्रत्येकामागं प्राणी मेलेले असतात आणि आशा लावून बसलेली माणसं असतात. म्हणजे मरण चुकीचं मोजलं, तर त्यानं पुढची मरणं वाढतात. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पेशींच्या मरणातही प्रकार आहेत. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी पेशीच्या एका शिस्तीच्या मरणाला ग्रीक भाषेतलं नाव दिलं, अपॉप्टोसिस. त्या शब्दात झाडावरून पानं गळण्याचा अर्थ आहे. पेशी आक्रसते, आपले तुकडे नीट गुंडाळून ठेवते आणि शेजारणी ते गिळून टाकतात. आजूबाजूला काही इजा होत नाही. दुसरं मरण म्हणजे फुटून, सांडून, सूज आणून मरणं. गोळ्याच्या आतल्या उपाशी पेशी बहुतेक अशा मरतात. एका चिमुकल्या कृमीवर काम करणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. त्या कृमीचं शरीर घडताना १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ ठरल्या वेळी मरतात. त्या मरतात म्हणूनच अंग नीट घडतं. आपल्याही शरीरात हे रोज चालू असतं. कर्करोगाच्या पेशींना ठरल्या वेळचं हे मरण टाळता येतं, आणि रोग माजायचं ते एक मोठं कारण आहे.

हे ऐकून आपल्या बायकांना लगेच सल्लेखना आठवेल. मलाही आठवली. पण ते जोडणं बरोबर नाही. सल्लेखना जाणून, व्रत घेऊन, गुरूंपुढं कषाय सोडत होते. पेशी व्रत घेत नाही. विज्ञानातली एखादी गोष्ट सापडली की तिला आपल्या शास्त्राचं लेबल लावायची आपल्याला हौस असते. त्यानं ना शास्त्र मोठं होतं, ना विज्ञान समजतं.

आता मूळ प्रश्न. ही हिंसा आहे की नाही?

पाठशाळेत आपण हिंसेचे चार प्रकार शिकलो. घरकामात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःचं रक्षण करताना होते ती विरोधी, आणि मारायचंच ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, त्या कमी करायच्या. चौथी सोडायचीच. वहिनींच्या अंगात औषध गेलं ती विरोधी म्हणता येईल. पण भाची म्हणाली, "आत्या, ताटलीतल्या पेशींनी कोणाचं काय बिघडवलंय? मी त्यांना खायला घालून वाढवते, आणि मारण्यासाठीच वाढवते. हा संकल्पच झाला ना?"

काकूंच्या उत्तरानं हा प्रश्न सुटत नाही. 'हेतू चांगला, म्हणून पाप नाही' असं एकदा म्हटलं की कशालाही वाट मोकळी होते. बळी देणाराही हेतू चांगलाच सांगतो. उलट बाजूनं, 'सगळी हिंसा सारखीच, तेव्हा असली कामं आपण करूच नयेत' हेही मला पटत नाही. असं म्हणणारी माणसं आजारी पडली की त्याच प्रयोगशाळांतून आलेलं औषध घेतात. हिंसा दुसऱ्यानं करायची आणि औषध आपण घ्यायचं, याला अहिंसा कसं म्हणायचं?

मला तिथून पुढं नेलं ते दोन गोष्टींनी. एक, आपल्या शास्त्रात हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, बेफिकिरी, कषायाच्या भरात भान सुटणं. प्राण गेला एवढ्यावर विचार थांबत नाही. तो जाताना करणाऱ्याचं चित्त कुठं होतं, हेही बघायचं असतं. दुसरी गोष्ट, सगळे जीव समान मानूनही घाताचं वजन इंद्रियांप्रमाणं कमीजास्त धरलेलं आहे. म्हणून आपण पाला खातो आणि मांस खात नाही. पेशीला जीव मानला, तरी तो एकेंद्रियाच्या वर जात नाही. पंचेंद्रियाचा घात हा कितीतरी पटीनं जड.

मी हे बोलले आणि पोरीचा चेहरा उतरला. मला कळेना का ते. मग ती म्हणाली, "मग तुला एक सांगायला पाहिजे. मी कोणाला सांगितलेलं नाही."

पेशींना वाढायला जे पाणी घालतात, त्यात बहुतेक ठिकाणी वासराचं सीरम असतं. गाभण गाय कत्तलखान्यात कापली जाते, तेव्हा तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून ते काढतात. आणि काही प्रकारचे गोळे नुसत्या खळग्यात वाढत नाहीत, त्यांना भोवती मऊ आधार लागतो. त्यासाठी मॅट्रिजेल नावाचं जे जेल वापरतात, ते उंदरांच्या अंगात गाठ वाढवून त्या गाठीतून काढलेलं असतं.

"आम्ही सगळीकडे सांगतो की आमच्या पद्धतीनं प्राण्यांवरचे प्रयोग कमी होतात," ती म्हणाली. "आणि ते खरंही आहे."

ते खरं आहेच. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी पुस्तक लिहून सांगितलं, की प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरता आलं तर वापरा, नाहीतर त्यांची संख्या कमी करा, आणि जे वापराल त्यांच्या वेदना कमी करा. पुढं २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवर चाचणी केलीच पाहिजे ही अट निघाली. २०२३ मध्ये आपल्या देशानंही नियम सुधारून पेशींचे त्रिमितीय गोळे आणि तशा इतर पद्धतींना जागा दिली. पेशींवरच्या चाचण्या भरवशाच्या झाल्या तर लाखो मुके जीव वाचतील. पण वाचवणाऱ्या त्या ताटलीतसुद्धा वासरू आहे आणि उंदीर आहे.

मी विचारलं, "तुझ्या वहीत ते कुठं लिहिलेलं असतं?"

"बाटलीचं नाव असतं, किती मिलिलिटर घातलं ते असतं."

"आणि वासरू?"

ती काही बोलली नाही.

बघा, ही पोर लाखो पेशींचं मरण मोजते. त्यासाठी तिच्याजवळ रंग आहेत, यंत्रं आहेत, तक्ते आहेत. त्या पेशींसाठी तिचा जीव तुटतो, क्षमा मागावी का म्हणून विचारते. आणि ज्यांचं वजन सगळ्यांत जास्त, ते पंचेंद्रिय जीव फडताळातल्या बाटलीत आहेत. त्यांना तक्त्यात रकानाच नाही. ज्याची मोजणी होते त्याचंच आपल्याला वाईट वाटतं. ज्याची होत नाही, ते आपल्या डोळ्यांपुढून जातं आणि दिसत नाही.

हे मी तिला शिकवायला बोलले नाही. बोलता बोलता मलाच आमचं घर दिसायला लागलं.

वहिनी पाणी गाळण्यात फार काटेकोर होत्या. परड्यात विहीर होती तेव्हा गाळून झाल्यावर फडक्यावर चांगलं पाणी घेऊन ते पोहऱ्यातून परत सोडायच्या. वरून ओतायच्या नाहीत. पोहरा पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडायच्या, आतल्या जिवांना धक्का बसू नये म्हणून. सूर्यास्तानंतर घोटभर दूधही नाही. चातुर्मासात उपास. आणि त्याच वर्षी सहा महिने त्या म्हणत होत्या, "पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतं." आम्ही काय म्हणालो? पित्त आहे. उपास जास्त झाले. वय झालं की बायकांचं असंच असतं. ओव्याचं पाणी दिलं. अंडाशयाचा कर्करोग असाच गुपचूप येतो. पोट फुगणं, लवकर भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं. महिना झाला तरी थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवायचं, एवढंच करायचं होतं. आम्ही दाखवलं, तेव्हा पोटात पाणी झालेलं होतं.

फडक्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची काळजी घेणाऱ्या घरात, समोर बसलेला पंचेंद्रिय जीव कोणाच्या हिशेबात नव्हता. पाणी गाळणं चूक नव्हतं. पण गाळण्याची सवय लागली की वाटतं, आपलं झालं, आपण सावध आहोत. प्रमाद असा व्रताच्या आडोशालाही बसतो. मी क्षमावाणीला दरवर्षी सगळ्यांची क्षमा मागते. वहिनींची ती एक क्षमा माझ्याकडून मागायची राहून गेली आहे.

भाचीनं डोळे पुसले. मीही. काकू कधी उठून गेल्या ते कळलं नाही.

मग मी तिला एवढंच म्हटलं. पेशींची क्षमा मागावीशी वाटत असेल तर माग, त्यात हसण्यासारखं काही नाही. ही हिंसा नाही असं मी तुला सांगणार नाही. पण आलोचना करायला बसशील तेव्हा नुसतं 'माझ्या हातून जीव मेले' म्हणून उठू नकोस. ते म्हणणं सोपं आहे, त्यानं मन हलकं होतं आणि काही बदलत नाही. किती गोळे उगीच वाढवले, कुठला प्रयोग आळसानं दोनदा करावा लागला, कुठला आकडा बरा दिसावा म्हणून पुढं केला, औषधानं न मेलेल्या किती पेशी औषधाच्या नावावर लावल्या, याची आलोचना कर. जे आपल्या हातून झालं ते आपल्या नावावर घ्यायचं. जे झालं नाही ते घ्यायचं नाही, ना पुण्य म्हणून, ना पाप म्हणून. औषध न घातलेली ती शेजारची रांग तू बघितलीस आणि तक्ता रद्द केलास, ते तुझं अप्रमादाचं काम होतं. त्या दिवशी तू बस्तीत नव्हतीस, तरी.

"आणि सीरमचं?" तिनं विचारलं.

"ते तू सांग. त्याशिवाय चालत नाही का?"

चालतं म्हणाली. सीरमविना वाढवायची द्रावणं मिळतात. जेलऐवजी कारखान्यात बनवलेली प्राणीविरहित जेलंही आहेत. पण प्रत्येक पेशीला ती मानवतीलच असं नाही, पैसे जास्त लागतात, आणि बदललं तर आधीचे सगळे आकडे पुन्हा तपासायला लागतात. निदान एका जातीच्या पेशी तशा वाढवून बघते, वरिष्ठांना विचारते, म्हणाली. ते होईल की नाही, मला माहीत नाही. त्यात तिचं एक वर्ष मागं पडेल, हे मात्र तिनं मला सांगितलं आणि मी 'पडू दे' असं पटकन म्हणू शकले नाही. तिच्या आईसारख्या बायका तेवढं वर्ष थांबलेल्या असतात, हेही खरंच आहे. दोन्ही पारड्यांत जीव आहेत. वजन करायचं काम तिचं आहे, मी नुसती बाजूला बसले होते.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आत्या, वहीत एक रकाना वाढवला आहे. प्रत्येक प्रयोगाला सीरम किती आणि जेल किती गेलं, महिन्याची बेरीज काढते. शेजारची मुलगी विचारत होती, हे कशाला?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमच्या घरी पाणी गाळतात."